उद्या या

वडगावच्या बाजार गल्लीत माझं मशीन.
फॉल, पिको, परकर,
लग्नसराईत जेवायलाही उसंत नाही.
चैत्र सरता सरता तुषार मुचंडीकर आला,
काखेत कुबडी, पाठीवर गाठोडं.
उलगडलं तर दुकान पुरलं नाही,
अर्धा पंख गल्लीत गेला.
खानावळीतली पोरं हात पुसत बघायला आली.

केशरी, कडेला निळं,
कांद्याच्या सालीइतकं पातळ कापड.
म्हटलं, ह्यात साड्या किती बसतील ते सांग,
मग मला हिशेब लागतो.
हसला नाही.

येळ्ळूरच्या गडावरून उडाला होता.
ऊन कडक, वारा समोरून, सगळं झकास.
खाली मेंढरांमागं सिद्दाप्पा
घोंगडं हलवत ओरडत होता,
मोडा! मोडा!
ह्याला वाटलं, काय मोडू म्हणतोय हा?
कानडीत मोडा म्हणजे ढग.
शाळेत दहा वर्षं कानडी होतं,
वरून ऐकू आलं ते मराठीत.

ढगाच्या पोटाखाली हवा वर ओढते, काकी,
बोअरची मोटर पाणी ओढते तशी.
मी खाली उतरायला बघतोय
आणि छातीवरचं यंत्र टिंटिं करतंय,
चढलास, चढलास,
जसं काही कौतुकच.

मग पांढरं.
वर कुठं, खाली कुठं, काही नाही.
सुपात तांदूळ पाखडावेत
तशा गारा डोक्यावरच्या कापडात वाजल्या.
बोटं कधी बधिर झाली ते त्याला आठवत नाही,
पंख एका बाजूनं मिटला ते आठवतं,
मूठ मिटते तसा,
आतलं काही द्यायचं नसल्यासारखा.

देसूरच्या अलीकडं नांगरलेल्या रानात पडला.
घोट्याचे तीन तुकडे.
बरोबर हुबळीचा एक पोरगा उडाला होता.
त्याचं मी विचारलं नाही,
ह्यानंही सांगितलं नाही.
गाठोड्यात हेल्मेट मात्र दोन होते.

शिवणीवर फाटलं तर शिंप्याची चूक.
मधोमध फाटलं
तर कुणीतरी ओढलंय.
मी चष्मा लावून हातभर हातभर बघत गेले.
शिवणी सगळ्या धड होत्या.

किती दिवस लागतील?
उद्या ये, म्हटलं.

तेव्हापासून उद्याच चाललंय.
माझ्या धंद्यातलं सगळ्यात जुनं खोटं,
ह्यावरून बायकांनी मला काय काय ऐकवलंय.
पोरीची हळद उद्यावर आली
तरी ब्लाऊजला काजं नाहीत,
तेव्हाही इतकं निर्लज्ज वाटलं नव्हतं.
कधी धागा संपला, कधी करंट नाही,
कधी नणंद वारली. नणंद मला नाहीच.

दुपारी तीनला मी पायरीवर येते.
गडाच्या मागं फ्लॉवरचा गड्डा फुगायला लागतो,
आधी मुठीएवढा, चहा होईतो टोपलीएवढा,
वरून पांढराशुभ्र, बुडाला काजळी.
गल्लीतल्या बायका म्हणतात, बरं झालं,
वळीव आला तर उकाडा तरी जाईल.
मी आत येऊन
उगाच मशीनला तेल घालते.

खरं तर पंख पहिल्याच आठवड्यात झाला.
तो सांगेल तसला धागा पुण्याहून मागवला,
टाक्यावर टाका दिला,
तरी वरून लिहून ठेवलंय चिठ्ठीत,
कंपनीत दाखवल्याशिवाय उडू नये.
माझी शिलाई साडीला पुरते,
आभाळाचं मला ठाऊक नाही.
घडी करून ठेवलाय मशीनखाली,
पाय ठेवते तिथंच.

परवा कुबडीशिवाय आला.
आधी दक्षिणेकडं बघितलं, मग माझ्याकडं,
मग माझ्या पायांकडं.
झालं का, काकी?
मी तोंडात चार टाचण्या धरल्या,
म्हणजे बोलायला नको.

बराच वेळ उभा होता.
लंगडत जाऊन बाहेरचे हँगर काढून दिले,
शटर खाली ओढायला हात लावला.
वारा सुटला होता.
उद्या येतो, म्हणाला.